दत्ताचा गालिचा आणि ढवळीचे केस

देवळाचा गालिचा घरी येऊन तिसरा दिवस उजाडला, तेव्हा सुगंधाबाईंच्या लक्षात आलं, की लाल गालिच्याच्या मधोमध जे पांढरं कमळ उमललं आहे ते विणणाऱ्याने विणलेलं नाही.

ते ढवळीने केलं होतं. ढवळी म्हणजे मांजर. गाईचं नाव मांजराला कसं, हे आधी सांगायला हवं, नाहीतर सुगंधाबाईंवर अन्याय होईल. सकाळी आंघोळ झाल्यापासून मौन, मग पूजा, मग गोग्रास, आणि गोग्रास गाईच्या पोटात गेला की तोंड उघडायचं, हा त्यांचा लग्नापासूनचा नेम. पालघरला बिऱ्हाड केलं तेव्हा घरमालक तात्यांच्या गोठ्यात गाय होती. पुढे तात्यांनी ती विकली आणि गोठ्यात कोंबड्या पाळल्या. आता कोंबडीपुढे हात जोडून उभं राहायला सुगंधाबाईंचं मन घेईना. भटजींना विचारलं, तर ते घाईत होते. म्हणाले, "कुठलाही मुका जीव चालेल." त्या वेळी समोर एक पांढरं मांजर बसलं होतं. ते मुकं नव्हतं, पण जीव होता. तेव्हापासून ढवळी दूध प्यायली, की सुगंधाबाई बोलायला मोकळ्या. असं मांजर घरातून हाकलणं म्हणजे आपलीच वाचा हाकलणं. म्हणून ढवळी बसेल ती जागा तिची, असा घरात कायदाच झाला होता.

आणि यंदा ती बसली होती दत्ताच्या गालिच्यावर.

साल एकोणसत्तर, अधिक महिना तोंडावर आलेला. अधिकात देवळात बायकांपुढे महिनाभर पोथी वाचायचा मान इतकी वर्षं रत्नाबाईंचा. रत्नाबाई म्हणजे देवळाचे सेक्रेटरी धर्माजी यांच्या भावजय. त्या नाकातून वाचत आणि डोळ्याला डोळा लागला तर दोन पानं एकदम उलटत. यंदा बायकांनीच हळूच विषय काढला, की घाटावरच्या सुगंधाबाईंना वाचू द्या एकदा, त्यांचा आवाज मऊ आहे. अकरा वर्षं पालघरात राहूनही सुगंधाबाई 'घाटावरच्या'च होत्या. पोथी हाती आली, की त्या गावच्या होणार होत्या. हे त्यांनी कोणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण मनात दुसरं काही नव्हतं.

रीत अशी, की वाचणारणीने आठ दिवस आधी गालिचा घरी न्यायचा, डांबरगोळ्यांचा वास घालवायचा, आणि परत द्यायचा. धर्माजींनी गालिचा देताना वही पुढे केली. वहीत लिहिलं होतं, 'गालिचा एक, लाल, काश्मिरी.'

"वहिनी, प्रत्यक्ष महाराजांपुढचं आसन आहे," धर्माजी म्हणाले. "शनिवारी मी स्वतः बघायला येईन. त्यावर काही वावगं दिसलं, तर मग आमच्या रत्नाला..."

धर्माजी वाक्य पुरं करत नसत. पुऱ्या वाक्याखाली सही करावी लागते, हे त्यांना समितीत राहून कळलं होतं.

बाहेर पावसाची रिपरिप, म्हणून सुगंधाबाईंनी गालिचा आतल्या खोलीत पसरला. ढवळीला तो पसंत पडला. तिचे केस झडण्याचे दिवस. तीन दिवस तिने त्यावर पंजे मारले, कुशी बदलल्या, अंग घासलं. परिणामी ते कमळ.

केरसुणी फिरवली, तर कमळाचं पाचपाकळी जास्वंद झालं. ओल्या फडक्याने पुसलं, तर केस चिकटून आणखी आत गेले. मग सुगंधाबाईंनी सल्ला विचारायचं ठरवलं. पण गोष्ट फुटता कामा नये, म्हणून त्यांनी तात्यांना विचारलं, "समजा, एखाद्या शालीला मांजराचे केस लागले, तर काय करावं?"

"गालिच्याला लागले काय?" तात्या म्हणाले.

तात्या माणूस वाडीतला. केळीच्या घडाकडे बघून तो कुठल्या दिवशी पिकेल ते सांगत, त्यांच्यापुढे सुगंधाबाईंची शाल कुठे टिकणार. "काठीने झोडपायचा," त्यांनी निकाल दिला. "आमी गोधड्या झोडपतो की. पडवीत टांगा. मी हाय."

गालिचा पडवीत टांगला. तात्यांनी पाऊण तास झोडपला. केस निघाले, यात शंका नाही. ते निघाले आणि तात्यांच्या घरात वाळत घातलेल्या पापडांवर बसले, दुधाच्या पातेल्यावर बसले, देव्हाऱ्यातल्या समईच्या तेलात बसले, आणि उरलेले, दमट हवा असल्यामुळे, थोडं फिरून परत गालिच्यावर आले. येताना एकटे आले नाहीत. तात्यांच्या कोंबड्यांची दोन-चार पिसं सोबत घेऊन आले.

संध्याकाळी सुगंधाबाईंचे यजमान वामनराव घरी आले. ते बोईसरला एका कंत्राटदाराच्या स्टोअरमध्ये कारकून. तारापूरला वीजघराचं काम चाललेलं, त्याला लागणारे नट, बोल्ट, दोर आणि बादल्या त्यांच्या सहीशिवाय हलत नसत. वरणात केस निघाला, तेव्हा त्यांना सगळी हकिगत समजली.

"एवढंच ना," वामनराव म्हणाले. "आमच्या स्टोअरात हवा ओढणारं यंत्र आहे. एक मोठी सोंड असते. केस काय, डोळ्यांदेखत मुंगळा ओढून घेतं. उद्या मागणीचा कागद घालतो."

त्यांनी दुसऱ्या दिवशी कागद घातला. 'कोणत्या कामासाठी' या रकान्यात लिहिलं, 'केस काढणे'. दुपारी कागद शेरा घेऊन परत आला, 'हजामतीचा खर्च कंपनी करत नाही.' वामनरावांनी नव्याने लिहिलं, 'गालिच्याचे केस काढणे'. त्यावर शेरा, 'गालिच्यास केस असतात काय? खुलासा करावा.' वामनरावांनी खुलाशाला दोन पानं घेतली. मांजर, नेम, दत्त, अधिक महिना, सगळं क्रमाने लिहिलं. साहेबांनी ते आवडीने वाचलं, आणखी दोघांना वाचून दाखवलं, आणि शेवटी लिहिलं, 'मंजूर. मात्र यंत्र दिवाळीपासून दुरुस्तीस गेले आहे.' हे यंत्र स्टोअरच्या वहीत हजर होतं आणि ती वही वामनराव स्वतःच लिहीत. त्यामुळे घरी येताना गाडीतून उमरोळी स्टेशन कधी मागे गेलं हे त्यांना कळलं नाही.

मधल्या वेळात सुगंधाबाईंना मैनाबाईने सल्ला दिला. मैनाबाई सातपाटीची, मासळीची पाटी घेऊन गल्लीत यायची. या घरात मासळी चालत नव्हती, पण पडवी कोरडी असायची आणि सुगंधाबाई तांब्याभर पाणी द्यायच्या, म्हणून ती तिथे टेकायची. ढवळी तिच्या पाटीभोवती फेऱ्या घालायची. नेमाचं मांजर मासळीच्या पाटीशी लगट करतं, हे सुगंधाबाई बघत नसत. नेम दुधाचा होता. बाकीचं मांजराचं मांजर जाणे.

"कणकीचा गोला फिरव बाय," मैनाबाई म्हणाली. "माज्या लुगड्याला ह्या रांडेचे केस लागतात, आमी तसंच करतो. सगला केस गोल्याला चिकटतो."

कणीक कसली, तर रेशनच्या लाल गव्हाची. तिची पोळी तुटत नसे, ताणली जाई. सुगंधाबाईंनी गोळा फिरवला. केस गोळ्याला चिकटले आणि गोळा गालिच्याला चिकटला. तो खरवडून काढेपर्यंत मुंग्या आल्या. मुंग्यांना हळद चालत नाही, असं माहेरी ऐकलेलं, म्हणून सुगंधाबाईंनी चारी बाजूंनी हळदीची रेघ ओढली. आता दत्ताच्या लाल आसनावर मध्ये पांढरं, कडेला पिवळं, आणि या दोहोंच्या मधून मुंग्यांची काळी रांग, अशी नक्षी तयार झाली. शनिवारला तीन दिवस होते.

त्या संध्याकाळी वामनराव दुरुस्तीस गेलेल्या यंत्राच्या विचारात इतके बुडाले होते, की पायातल्या रबरी चपला न काढताच आतल्या खोलीत शिरले आणि गालिच्यावर तीन पावलं चालले.

"अहो," सुगंधाबाई म्हणाल्या.

सुगंधाबाई आवाज चढवत नसत. त्यांचं 'अहो' चार प्रकारचं होतं आणि हे चौथं होतं. वामनराव जागच्या जागी थिजले आणि टाचेवर गर्रकन वळले. त्यांनी पाय उचलला, तेव्हा दोघांनीही खाली बघितलं. चपलेखाली ढवळीचे केस सुरळी होऊन गोळा झाले होते, आणि जिथे टाच वळली होती तिथे गालिचा नव्या लुगड्यासारखा लालभडक दिसत होता.

उपाय सापडला होता, आणि तो चपलेचा होता.

देवाच्या आसनावर चप्पल घासायची कशी? रात्रीच्या जेवणात हाच विषय. शेवटी तात्यांना विचारलं. तात्या म्हणाले, "पायात गेल्याबिगर चप्पल कशी व्हईल? तवर ती नुस्तं रबर. माणूस मुंज झाल्याबिगर बामण होतो काय?" हे शास्त्रात कुठे आहे ते त्यांनी सांगितलं नाही, पण सुगंधाबाईंना पटलं. ज्याची गरज असते ते शास्त्र लवकर पटतं.

वामनराव दुसऱ्या दिवशी बोईसरच्या बाजारात बन्सीच्या दुकानी गेले.

"एक चप्पल द्या. रबरी. कोरी, कोणी पायात न घातलेली."

"एक जोडी?"

"एक जोडी नको, एकच."

बन्सीने त्यांच्या पायांकडे बघितलं. दोन्ही जागेवर होते. "साब, एक नहीं बिकता. बसो, पांव लाओ, माप देखता हूं."

"पाय नको," वामनराव घाईने पाय मागे घेत म्हणाले. "पायात घालायचीच नाही ती. हातात धरायची आहे. आमच्या मंडळींना."

बन्सीने मग काही विचारलं नाही. गिऱ्हाईक कारकून, बायको घाटावरची, वस्तू हातात धरायची, एवढं त्याला पुरलं. त्याने जोडी कागदात बांधली आणि वामनरावांच्या हातात देताना फार सहानुभूतीने दिली.

शुक्रवारी सकाळी सुगंधाबाईंनी आंघोळ केली, चपलेवर गंगोदक शिंपडलं, आणि मौनातच कामाला लागल्या. गालिचा ताणलेला हवा होता. म्हणून वामनराव त्याच्या एका कडेला गुडघे टेकून, दोन्ही हातांनी कड धरून, डोकं खाली घालून बसले. सुगंधाबाई त्यांच्यासमोर. उजव्या हातात चप्पल. वर उचलायची, खाली आणायची, आपल्याकडे ओढायची. केस निघत होते. मूर्तीवरून निर्माल्य उतरावं, तसे सहज निघत होते.

नेमक्या त्याच वेळी रत्नाबाई फुलं मागायला आल्या आणि खिडकीतून डोकावल्या. खिडकी उंच, त्यामुळे गालिचा दिसत नव्हता. वामनरावांची वाकलेली पाठ दिसत होती, सुगंधाबाईंचा शांत चेहरा दिसत होता, आणि चप्पल वर जाताना दिसत होती.

"अगं बाई," रत्नाबाई म्हणाल्या. "सुगंधाबाई, काय चाललंय हे?"

सुगंधाबाईंचं मौन. त्यांनी नुसती चप्पल हलवून 'थांबा, सांगते' अशी खूण केली. रत्नाबाई थांबल्या नाहीत.

दुपारपर्यंत बातमी बोईसरच्या एसटीत बसून गेली. संध्याकाळी वामनरावांना स्टोअरमध्ये कोणी काही बोललं नाही, पण तीन वेगवेगळ्या माणसांनी चहा पाजला. हेडक्लार्क शिवाजीराव तर खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सहन करा. देवभोळी बाई आहे, हात हलका असेल." खुलासा करावा असं वामनरावांच्या मनात आलं, पण त्यांना खुलाशांचा अनुभव ताजा होता.

इकडे गालिच्यात भलतंच काही चाललं होतं. ढवळीचे केस संपले, कमळ गेलं, हळद गेली, तरी चप्पल ओढली की खालून काहीतरी येतच होतं. तपकिरी, राठ, बोटभर लांब. सुगंधाबाईंना आधी वाटलं काथ्या. मग वाटलं लोकर. पण लोकर एवढी गळाली असती तर गालिचा उरला नसता. ढवळी तपकिरी नव्हती. वामनरावांचे केस काळे होते, उरले होते तेवढे. सुगंधाबाई नीटस बाई. त्यांनी पांढरे केस एका द्रोणात ठेवले आणि तपकिरी दुसऱ्या. दुसरा द्रोण भरला, मग त्यावर शीग चढली.

शनिवारी धर्माजी दुपारी येणार होते, ते सकाळीच आले. काखेत वही, मागे रत्नाबाई, त्यांच्या काखेत पोथी. "वहिनी, माझ्या कानावर आलं ते खरं नसेलही," त्यांनी सुरुवात केली. "पण ज्या हातात चप्पल, त्या हातात पोथी म्हणजे समितीला..."

सुगंधाबाई नुकत्याच पूजेवरून उठल्या होत्या. मौन सुटलं नव्हतं. त्यांनी नमस्कार केला आणि पडवीत पसरलेल्या गालिच्याकडे बोट दाखवलं. गालिचा लखलखत होता. धर्माजींना तो ओळखू येईना, त्यामुळे ते नाराज झाले. मग त्यांना पांढरा द्रोण दिसला.

"हे काय? मांजराचे केस? महाराजांच्या आसनावर मांजर?" ते वही उघडू लागले. "रत्ना, पोथी तुझ्याकडेच ठेव बरं का. विटाळ तो विटाळ."

सुगंधाबाईंचे डोळे भरून आले. पण तोंड उघडता येईना. त्यांनी दुसरा द्रोण उचलला आणि धर्माजींसमोर धरला.

"ही लोकर," धर्माजी म्हणाले. "काश्मिरी मेंढीची."

पडवीच्या कोपऱ्यात मैनाबाई पाटीशेजारी बसली होती. तिने मान लांब करून गालिचा पाहिला आणि पान थुंकून आली. "काश्मिरी कसला? ह्यो तं मोठ्या सायबाच्या बंगल्यातला. मी पापलेट घेऊन जायची तितं. ह्या कोपऱ्याला सिगारेटचा डाग हाय, बगा."

डाग होता.

"सायब चार सालामागं गेला, तवा सामान लिलावात काडलं. तवा तुमीच घेतला नाय काय हो, धर्माजीशेट? बैलगाडीत घालून नेला, मी बगितला ना. ह्याच्यावर त्याचा भुरा कुत्रा लोलायचा. वासराएवडा."

"मेंढी असेल ती," धर्माजी म्हणाले.

"मग सायबाची मेंढी भुंकायची."

आवाज ऐकून तात्या आपल्या घरातून बाहेर आले होते. रत्नाबाई दोन पावलं मागे सरकल्या. गेल्या अधिकात त्या याच गालिच्यावर महिनाभर बसल्या होत्या, आणि मधूनमधून आडव्याही झाल्या होत्या.

पण धर्माजी समितीत मुरलेले. त्यांनी उपरण्याने कपाळ टिपलं आणि म्हणाले, "असेल, कुत्रा असेल. आपलं देऊळ कोणाचं? दत्तमहाराजांचं. महाराजांच्या पायाशी कोण असतं? चार श्वान. आणि ते श्वान म्हणजे चार वेद. तेव्हा श्वान वर्ज्य नाही. मार्जार वर्ज्य आहे."

तात्यांनी वाकून द्रोणाकडे निरखून पाहिलं. "मग ह्यो कोन्चा वेद म्हनायचा?"

सुगंधाबाईंनी सगळ्यांना हाताने थांबायची खूण केली. आत जाऊन दुधाची वाटी आणली, पडवीत ठेवली आणि ढवळीपुढे हात जोडले. ढवळी मैनाबाईच्या पाटीचा वास घेत होती. तिने वाटीकडे बघितलं, शेपटी फिरवली, आणि पुन्हा पाटीकडे तोंड केलं. दत्तमंदिर समितीचे सेक्रेटरी, माजी वाचक, घरमालक आणि कोळीण असे चौघं जण श्वास रोखून, मांजर दूध कधी पितं याची वाट बघत उभे राहिले. अखेर मैनाबाईने पाटी उचलून डोक्यावर घेतली, तेव्हा ढवळी नाइलाजाने वाटीकडे वळली. चार घोट घेतले. पाचवा घेतला.

"भाऊ," सुगंधाबाई नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाल्या, "तुमचं म्हणणं मला पटलं. पांढरे केस माझ्या मांजराचे, ते मी ठेवून घेते. हे तपकिरी देवळाचे. गालिच्याबरोबर माझ्याकडे आले, तर गालिच्याबरोबर परत गेले पाहिजेत. देवाघरची वस्तू माझ्याकडे राहिली, तर मला झोप लागायची नाही. वहीत जमा करून घ्या, म्हणजे मी मोकळी."

धर्माजींनी पेन काढलं. पेन बराच वेळ कागदाच्या वर राहिलं.

"काय लिहू?"

"असेल ते लिहा. वेद लिहिलंत तरी चालेल. तात्या साक्षीला सही करतील."

"करतो की," तात्या म्हणाले.

धर्माजींनी तात्यांकडे पाहिलं, द्रोणाकडे पाहिलं, आणि रत्नाबाईंकडे पाहणं टाळलं. मग त्यांनी लिहिलं, 'गालिचा एक, लाल. स्वच्छ स्थितीत परत मिळाला. वाचनास हरकत नाही.' जन्मात पहिल्यांदाच त्यांनी वाक्य पुरं केलं आणि खाली सही केली. 'काश्मिरी' हा शब्द लिहायचा राहून गेला. पोथी रत्नाबाईंच्या काखेतून निघून सुगंधाबाईंच्या हातात आली. चपलेचं काय ते मात्र कोणी विचारलं नाही. त्यामुळे वामनरावांना बोईसरला अजूनही अधूनमधून चहा मिळतो.

अधिकाच्या पहिल्या दिवशी दुपारी देऊळ भरलं. मैनाबाई सातपाटीहून पालघरात येईपर्यंत वाटेतल्या प्रत्येक ओट्यावर टेकत असे, त्यामुळे कोणाला काही सांगायची गरज राहिली नव्हती. बायका येताना आपापली बसणी घेऊन आल्या. कोणी घोंगडी, कोणी पाट, कोणी चटई. रत्नाबाईंनी तर दोन पाट आणले, एकावर एक. मधोमध दत्तासमोर लाल गालिचा पसरला होता आणि त्यावर एकही बाई नव्हती. सुगंधाबाईंनीही दर्भाचं आसन घालून भिंतीशी बसणं पसंत केलं. कोणी विचारलंच, तर सांगायला ते त्यांचं नेहमीचंच आसन होतं.

धर्माजी दारात उभे होते. देवळाच्या आसनावर कोणी बसत नाही, असं एकदा ठरलं की पुढचा प्रश्न ते आणलं कोणी, हा असतो. ते त्यांना समितीत राहून माहीत होतं. आजवर त्यांनी एकही पोथी बसून ऐकली नव्हती. त्यांनी चपला काढल्या, खाकरले, आणि सगळ्या बायकांच्या देखत गालिच्याच्या बरोबर मध्ये मांडी घालून बसले.

पहिल्या दिवशी ते बसले, तेव्हा दुसऱ्या दिवशी बसणं भाग पडलं. दुसऱ्या दिवशी बसले, म्हणून तिसऱ्या. असे सगळा अधिक महिना, दुपारी दोन ते चार, धर्माजी एकटे त्या गालिच्यावर बसून होते. सुगंधाबाईंनी एकही ओवी गाळली नाही. अध्याय संपला, की त्या धर्माजींकडे बघून हळूच विचारत, "भाऊ, आवाज पोचतोय ना?" आणि धर्माजी मान हलवत.

शेवटच्या दिवशी समाप्ती झाली, धर्माजी आरतीला उठले आणि दत्ताकडे तोंड करून उभे राहिले. त्यांच्या पांढऱ्याशुभ्र धोतराच्या मागे तपकिरी केस चिकटले होते. सगळ्या बायकांना दिसले. सुगंधाबाईंनी पोथी रेशमी रुमालात बांधली, कपाळाला लावली, आणि आरतीचं ताट पहिल्यांदा धर्माजींच्या हातात दिलं. म्हणाल्या, "भाऊ, तुम्हीच पुढे व्हा. आम्ही मागे आहोत."